खंडूनं आडवी ठेवलेली काठी

खंडूच्या मुलाचा, संतोषचा, फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या घरी तोंडाला साबण लावून आरशासमोर उभा होतो. "काका, तात्या गेले," एवढंच तो म्हणाला. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता, तरी मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं गेले?" मग माझं मलाच कळलं. खंडू सकाळी उसाला पाणी लावायला म्हणून गेला होता, कालव्याच्या कडेला बांधावर टेकला, आणि टेकला तो उठलाच नाही. हृदयविकाराचा झटका. ज्या आजारानं तो जाईल अशी भीती आम्ही सगळ्यांनी घेतली होती, तो आजार कधीच बरा होऊन गेला होता. अर्धी दाढी तशीच पुसली आणि मिळेल त्या गाडीनं आमचं गाव, निरगुडसर, गाठलं.

अंगणात त्याला ठेवलं होतं. गळ्यावरची ऑपरेशनची खूण मफलर नसल्यामुळे उघडी पडली होती. जिवंतपणी त्यानं ती कुणाला फार दिसू दिली नव्हती. पाया पडण्याचं चाललं असताना कुणीतरी ईश्वरीला, म्हणजे संतोषच्या चार वर्षांच्या मुलीला, पुढं आणलं. "आजोबाच्या पाया पड, बाळा." पोरगी अंग चोरून मागं सरकली, चांगली पाच-सहा हात लांब जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "काठी कुठंय?" बायका म्हणाल्या, पोर भ्यालंय, राहू द्या. मलाही तेच वाटलं. त्या प्रश्नाचा अर्थ मला दहाव्यानंतर कळला, आणि तेव्हापासून खंडूची आठवण आली की आधी मान खाली जाते. हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच. मित्राचं नुसतं गुणगान करायचं तर ते करणारे गावात पुष्कळ आहेत.

आम्ही दोघं शाळेत एका तरटावर बसलो. त्याच्या घरी मेंढरं, आमच्या घरी जमीन. दिवाळी झाली की त्याचं बिऱ्हाड मेंढरांमागं घाट उतरून कोकणात जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं, म्हणजे त्याची शाळा जेमतेम अर्धी. सातवीनंतर तीही सुटली. मी मात्र शिकत राहिलो, विज्ञानाचा मास्तर झालो आणि शिनोलीकडच्या शाळेत उभी हयात काढली. "तू साळंत शिरलास तो म्हाताराच हून बाहेर आलास," असं तो चारचौघांत म्हणायचा. मला 'मास्तर' म्हणायचा तेही चिडवायलाच. गावातले बाकीचे 'सर' म्हणायचे तेव्हा जरा छाती फुगायची, आणि खंडूनं "ए मास्तर" अशी हाळी दिली की ती जागेवर यायची. हाळी मात्र काय होती त्याची! ओढ्याच्या पलीकडं पांगलेली मेंढरं एका हाळीत माना वर करायची.

कॉलेजात असताना एकदा मी हौसेनं त्याच्या बिऱ्हाडाबरोबर आहुप्यापर्यंत गेलो होतो. मेंढरं घाट उतरण्याआधी तिथं विसावली होती. आम्ही दोघं देवराईत भटकलो, आणि येताना मी खाली पडलेली एक छान सरळ फांदी हातात धरायला म्हणून उचलली. मुक्कामाजवळ आल्यावर खंडूचं लक्ष गेलं.

"कुठनं आनलीस?"

"राईतनं. पडलेली होती."

"पडलेली बी न्यायाची नसती."

"का पण?"

"का म्हंजे? न्यायाची नसती."

आणि त्या चढानं तो मला पुन्हा वर घेऊन गेला. फांदी जिथली तिथं ठेवल्यावरच त्याच्या जिवात जीव आला. उतरताना मी त्याला मोठं व्याख्यान दिलं, की माणसानं कारण विचारलं पाहिजे, नुसतं पाळत बसणं म्हणजे मेंढरूपणा. तो हसला आणि म्हणाला, "कारन तू इचार. मी पाळतो." मी हा किस्सा पुढं कित्येक वर्षं वर्गात सांगितला. अर्थातच पोरांनी हसावं म्हणून, आणि हसायचं कुणाला ते पोरांना बरोबर कळायचं. आज वाटतं, खंडू कसा माणूस आहे हे मला विसाव्या वर्षीच सांगून झालं होतं. त्याला एखादी गोष्ट 'करायची नाही' म्हणून सांगितली की ती आयुष्यभर होणार नाही. अशा माणसाशी बोलताना शब्द जपून वापरायला हवे होते.

त्याच्या गळ्याला गाठ आली, ती त्यानं किती दिवस मफलरखाली लपवली देव जाणे. शेवटी ठकूवहिनींनी, त्याच्या बायकोनं, पाहिली. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. थायरॉईडचा कॅन्सर निघाला, पण डॉक्टर म्हणाले घाबरू नका, हा त्यातला बरा होणारा. ऑपरेशन झालं. त्यात त्याचा आवाज बसला तो बसलाच. ओढा ओलांडणारी हाळी गेली आणि तिच्या जागी खरखर आली. त्यानंतर गळ्यात उरलेसुरले रोगाचे अंश मारायला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. संतोष कंपनीत कामाला, ऑपरेशनातच त्याच्या रजा संपलेल्या. तेव्हा साहजिकच मी निघालो. किरणोत्सार म्हटल्यावर विज्ञानाचा मास्तर नाही तर कोण जाणार?

औषध देण्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यानं विचारलं, "मास्तर, हे किरन म्हंजे नेमकं काय रं? फोटो काढत्यात तेच का?" झालं! मला एवढंच पाहिजे होतं. दरवर्षी दहावीला फळ्यावर तीन बाण काढून शिकवायचो ते सगळं मी त्याला सांगत सुटलो. अल्फा कण अंगानं जड, दांडगा, पण साधा कागद आडवा आला तरी थांबतो. बाहेरून आला तर आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरसुद्धा त्याला पुरे होतो. मात्र तोच श्वासातून नाहीतर अन्नातून आत गेला, तर एवढ्याशा जागेत सगळी ताकद ओततो आणि फुप्फुसाची, हाडाची वाट लावतो. बीटा हलका, तो मांसात ज्वारीच्या दाण्याइतका आत जातो. बाहेरून जास्त लागला तर कातडी भाजते. गामा म्हणजे कण नव्हेच, तो प्रकाशाचा भाऊ, अंगातून आरपार जातो, त्याला अडवायला शिशाची जाड भिंत लागते. तिघांचं काम शेवटी एकच. पेशीच्या आत एक बारीक धागा असतो, तिनं कसं वाढायचं ते त्याच्यावर ठरलेलं असतं. किरण तो धागा तोडतात. पेशी तो पुन्हा सांधते, नाहीतर मरते. आणि कधी चुकीचा सांधते, मग त्याचा त्रास वर्षांनी वर येतो. फार मोठी मात्रा एकदम लागली तर उलट्या होतात, केस जातात, रक्त तयार होणं थांबतं. कारण जिथं पेशी भराभर वाढतात तिथंच किरणांचा घाव मोठा बसतो. हाडातला मगज, आतड्याचं अस्तर, पोटातलं मूल.

"आन् माझ्या औषधात कोन हाय ह्यातला?"

"बीटा आणि गामा. गळ्यातल्या त्या पेशी आयोडीनच्या भुकेल्या असतात, त्या ते ओढून घेतात. मग बीटा तिथल्या तिथं त्यांना मारतो. गामा बाहेर पडतो. म्हणून तुला उद्यापासून शिशाच्या दाराआड ठेवणार."

खंडू म्हणाला, "म्हंजे बीटा माझ्या कामाचा, आन् गामा दुसऱ्याच्या वाटनीचा." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. इतकं नेटकं उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं नव्हतं. "आन् वाढत्या जिवाला जास्त लागतं म्हनलास." हो म्हणालो. त्याची सून अश्विनी तेव्हा पोटुशी होती. तो काय विचार करतोय हे माझ्या लक्षात आलं, आणि मी लगेच नारायणगावला, तिच्या माहेरी, फोन लावला, तिला आत्ताच बोलावून घ्या म्हणून. पहिलं बाळंतपण तिकडंच व्हायचं होतं, चार दिवस आधी जाईल एवढंच. खंडूनं समाधानानं मान हलवली. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होतो.

त्याला खोलीत ठेवलं ते दिवस त्यानं कसेबसे काढले. तोंडाची चव गेली, गालफडं दुखली, लिंबं चोखत आणि तांब्यावर तांब्या पाणी पीत बसायचं. फोनवर म्हणायचा, "मेंढरू कोंडावं तसा कोंडलाय मला, पर दार उघडणारा मानूस बी लांबनंच बोलतोय." सोडताना डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. दोन-तीन आठवडे वेगळं झोपा, जेवणाची भांडी वेगळी, कपडे वेगळे धुवा, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. त्यानंतर काही नाही, नेहमीसारखं राहा. मी ऐकलं, मान डोलावली. डॉक्टरांनी जे दोन वाक्यांत सांगितलं ते मी घरी जाऊन दोनच वाक्यांत सांगितलं असतं तर...

घरी ओट्यावर बसलो. ठकूवहिनी पदर सावरून उंबऱ्यात उभ्या होत्या, संतोष पायरीवर. आता यांना हे पटवायचं कसं? किरण दिसत नाहीत, वास येत नाही, चटका बसत नाही. मला एकदम सुचलं. म्हणालो, "वहिनी, सुतक पाळता ना, अगदी तसं पाळा. शिवायचं नाही, भांडं वेगळं, बिछाना वेगळा." वहिनींच्या तोंडावर लख्ख कळल्याचं दिसलं. मला तर माझीच पाठ थोपटावीशी वाटली, इतकी वर्षं शिकवल्याचं सार्थक झालं म्हणून. खंडू मात्र मेंढवाड्याच्या कुडाला टेकून लांब बसला होता. तिथून तो त्याच्या नव्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सुतकाला तेरावा असतो मास्तर. ह्याचा तेरावा कवा?"

तीन आठवड्यांनी, म्हणायचं होतं. एवढंच. पण माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी त्याचीच काठी घेतली आणि अंगणातल्या मातीत एक लांब रेघ मारली. आज एवढं आहे. आठ दिवसांनी अर्धं राहतं. आणखी आठ दिवसांनी त्याच्या अर्धं. मग त्याच्याही अर्धं. रेघा लहान लहान होत काठीच्या टोकाला मावेनाशा झाल्या.

"मंग संपतं कवा?"

"तसं बघायला गेलं तर पूर्ण कधीच संपत नाही. कमी कमी होत जातं, पण शून्य होत नाही."

तो त्या रेघांकडे बघत राहिला. मी चहा घेतला, शेवटची एस.टी. चुकायला नको म्हणून उठलो. निघताना तीन आठवड्यांचं मी बोललो असेनच. असेन. पण आठवत नाही, आणि बोललो असलो तरी माणसाच्या डोक्यात राहतं ते शेवटचं वाक्य.

पुढं काही महिन्यांनी कळलं, खंडूनं मेंढरं चुलतभावाला देऊन टाकली. मी म्हटलं, वय झालं, आवाज गेला, बिबटेही उसात वाढलेत, सुटला बिचारा. मेंढवाडा रिकामा झाला आणि तो स्वतःच तिथं झोपू लागला. घरात का झोपत नाहीस, विचारलं तर म्हणायचा, "मोकळं बरं वाटतं." ते मला खरंच वाटलं, जन्म उघड्यावर गेलेला माणूस. मग एका दसऱ्याला मी माझ्या नातवाला घेऊन सोनं द्यायला गेलो. दरवर्षी आम्ही आपट्याची पानं हातात द्यायचो आणि कडकडून भेटायचो. त्या वर्षी त्यानं पानं ओट्याच्या कडेवर ठेवली, चार पावलं मागं झाला आणि म्हणाला, "घे मास्तर." मी पानं उचलली, पण मला ते लागलं. पोरगा कंपनीत चिकटला, उसाला कालव्याचं पाणी मिळालं, आता हा आपल्याला लांबून सोनं देणार काय? घोडेगावला येईपर्यंत मी मनात धुसफुसत होतो. नंतर माझं जाणंही कमी झालं. रुसवा मी धरला, त्याला तो कळलाही नसेल. किंवा कळला असेल आणि तो मनात म्हणाला असेल, बरं झालं, पोराला घेऊन येत नाही ते.

नातीशी त्याचा एक खेळ होता, तो मी एकदा पाहिला होता. अंगणात तो काठी आडवी ठेवायचा. काठीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ईश्वरी. तो काठीपाशी बोरं नाहीतर शेंगा ठेवायचा, मागं सरकत कुडापर्यंत जायचा आणि म्हणायचा, "घे आता." पोरगी दुडुदुडु यायची, घ्यायची, अर्ध्या खायची आणि उरलेल्या काठीपाशी ठेवून तशीच मागं सरकत जायची. "घे आता." मग तो यायचा. असं तासन् तास. मला ते मोठं गोड वाटलं. "नातीला पण मेंढरावानी वळतोस काय रे?" मी म्हणालो. खंडू हसला. त्या हसण्याचा अर्थ मी आता लावतो तेव्हा मला जेवण जात नाही.

दहावा झाला, पाहुणे पांगले. मी, ठकूवहिनी आणि अश्विनी एवढेच पडवीत उरलो होतो. अश्विनी शिकलेली, समंजस मुलगी. सासऱ्याचं दुखणंखुपणं तिनं सगळं केलं, ताट कधी उशिरा नेलं नाही. ती एकदम म्हणाली, "काका, तुम्ही त्यांचे मित्र, म्हणून विचारते. मुलगी झाली म्हणूनच ना?"

"काय मुलगी झाली म्हणून?"

"मी बाळाला घेऊन माहेराहून आले, तेव्हा मामंजी अंगणात उभे होते. मी बाळ त्यांच्याकडे दिलं, तर हात मागे घेतले त्यांनी. पाच पाहुण्यांसमोर. चार वर्षांत एकदाही तिला उचललं नाही, एकदा गालाला बोट लावलं नाही. ताप यायचा तेव्हा दारात उभे राहून विचारायचे, पण कपाळाला हात नाही. मुलगा असता तर असेच राहिले असते का?" तिचा आवाज चढला नव्हता. चार वर्षं आत ठेवलेलं बोलताना माणसाचा आवाज चढत नाही.

मी ठरलेलं बोलायला सुरुवात केली, अगं नाही, खंडू तसला नव्हता, त्याचा स्वभावच... आणि भिंतीला टेकलेल्या ठकूवहिनी म्हणाल्या, "तिला खरं सांगा सर. तुमीच सांगितलं व्हतं ना, ते कधीच संपत नाय म्हनून."

मला आधी समजलंच नाही. मग अंगणातल्या त्या रेघा आठवल्या. वहिनी रागानं बोलत नव्हत्या, हे त्यातलं सर्वांत वाईट. त्यांना वाटत होतं की मी मुद्दाम गुपित राखतोय, आता माणूस गेला तर राखायचं काही कारण नाही. त्या सांगत गेल्या. "मला म्हनायचे, तुझं-माझं वय झालं, आपल्याला काय व्हत न्हाई, वाढत्या जिवाला लागतं. कोकरं हातात घ्यावी लागत्यात म्हनून मेंढरं दिली. तुमच्या घरी नातू हाय, तुमच्या कापडाला लागून जाईल म्हनून तुमाला बी शिवायचे न्हाईत. मी म्हनलं, डाक्टरला तरी इचारा. तर म्हनले, मास्तरनं रेघा मारून दावलंय, मास्तर खोटं बोलायचा न्हाई."

"आणि मला का नाही सांगितलं, आई?" अश्विनीनं विचारलं.

"सांगू दिलं न्हाई गं. सून भ्याली तर पोर घिऊन माहेराला जाईल म्हनायचे. मंग लांबनं बी दिसायची न्हाई."

पुण्याला तपासणीला दरवर्षी संतोष न्यायचा. डॉक्टर म्हणायचे, सगळं उत्तम आहे. खंडू ते रोगाबद्दल समजायचा. किरणांबद्दल त्यानं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर त्याला मिळालेलं होतं, माझ्याकडून. मला आठवलं, कारण तू विचार, मी पाळतो. कारण मी विचारायचं होतं. कुडाला टेकून का बसतोस, सोनं ओट्यावर का ठेवतोस, काठी आडवी कशाला? एकदा जरी विचारलं असतं तरी अर्ध्या मिनिटात मोकळा झाला असता तो. ज्यानं आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारा म्हणून सांगितलं, त्यानं प्रश्नाच्या जागी रुसवा धरला.

मी अश्विनीला सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांकडे न बघता सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी बाळ पुढे केलं, तेव्हा त्यांच्या अंगात काहीच नव्हतं?"

"काही नव्हतं. तू येण्याच्या कितीतरी आधी भीती संपलेली होती."

ती म्हणाली, "मी चार वर्षं त्यांना मनातून शिव्या दिल्या, काका. त्या आता कुठे ठेवू?" मला दे, असं म्हणायला हवं होतं. त्या माझ्याच होत्या. ती उठली, आत गेली, आणि भांड्यांचा आवाज यायला लागला.

घरी आल्यावर मी ते गणित पुन्हा मांडत बसलो. कधीच शून्य होत नाही, हे वाक्य तरी खरं होतं का? फळ्यावर खरं. पण अणू म्हणजे काही फळ्यावरची रेघ नव्हे, की अर्धी करत बसावी. ते कितीही झाले तरी मोजके असतात, आणि मोजकं ते संपतं. शेवटचा अणूसुद्धा एक दिवस निवतो. आणि समजा एखादा राहिला असता, तरी काय बिघडलं असतं? आपल्या सगळ्यांच्या अंगात मातीतून, धान्यातून, केळ्यातून आलेलं थोडं किरणोत्सारी पोटॅशियम जन्मभर असतंच. माझ्या आहे, तुमच्या आहे, ईश्वरीच्याही आहे. ते घेऊनच आपण पोरांचे मुके घेतो, त्यांना पोटाशी धरून झोपतो. हे मी दरवर्षी वर्गात सांगत होतो, पोरांना गंमत वाटावी म्हणून. खंडूला सांगायचं राहिलं. त्याला मी पोरांना सांगायची गंमत सांगितली नाही, परीक्षेतलं उत्तर सांगितलं. आणि किरणांनी त्याच्या शरीरावर काय परिणाम केला म्हणाल, तर रोग मारला, तोंडाची चव काही दिवस घालवली, आणि गेले. बाकीचं सगळं माझ्या एका वाक्यानं केलं. त्याला अडवायला कागद नव्हता, शिसं नव्हतं.

तेराव्याला घर सारवलं, गोमूत्र शिंपडलं, सुतक फिटलं. मी गेलो होतो, पण कुणाशी धड बोललो नाही. परवा पुन्हा गेलो. अश्विनीनं चहा केला, पूर्वीसारखंच विचारपूस करत बोलली. मला वाटलं होतं तसं तिनं तोंड फिरवलं नाही, आणि त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. म्हणाली, संतोषला सांगितलं, तो मेंढवाड्यात जाऊन बराच वेळ बसला होता. ठकूवहिनी शेतात होत्या. मी अंगणात आलो तर ईश्वरीनं कुडाला लावलेली खंडूची काठी ओढत आणली, अंगणाच्या मध्यावर आडवी ठेवली, तिच्यापाशी एक पेरू ठेवला आणि मागं सरकत ओट्यापर्यंत गेली.

"घे आता," ती मला म्हणाली. हुबेहूब त्याच्यासारखं, मान जरा तिरकी करून.

मी वाकलो आणि पेरूच्या आधी काठी उचलली. म्हणालो, "बाळा, आता काठी नको. काही होत नाही. ये, माझ्याजवळ ये." आयुष्यात पहिल्यांदा मी हे बरोबर आणि थोडक्यात सांगत होतो. पोरगी ओट्याला चिकटली. तिचा चेहरा रडवेला झाला.

"ठेव ना ती," ती म्हणाली. "आजोबा कुठं बसतील मग?"

अश्विनी दारात येऊन उभी होती. "राहू द्या काका," ती हळूच म्हणाली. "ती सोडेल तेव्हा सोडेल."

मी काठी होती तशी आडवी ठेवली. पेरू फोडला, अर्धा खाल्ला, उरलेला काठीपाशी ठेवला आणि चार पावलं मागं झालो. "घे आता," मी म्हणालो. ईश्वरी जागची हलली नाही. तिनं माझ्याकडे आणि काठीकडे नीट बघितलं, आणि हातानं मागं हो, मागं हो अशी खूण केली.

"अजून लांब," ती म्हणाली. "आजोबा लई लांब बसायचे."

मी कुडाला पाठ टेकेपर्यंत मागं सरकत गेलो.